फेज गेला की मोटार का जळते? स्टार्टरमध्ये काय तपासाल

ऐन पाण्याच्या पाळीत बोअरची मोटार जळाली तर ती काढणे, भरणे आणि परत सोडणे यात पीक सुकते. बऱ्याचदा कारण एकच असते, गेलेला फेज.

डीपीतला फ्यूज उडाला किंवा पोलावरची एक तार तुटली की थ्री फेज मोटारीला दोनच फेज मिळतात. चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून साधारण पावणेदोन पट अँपिअर ओढते. बंद असेल तर नुसती घुमते, फिरत नाही. दोन्ही वेळा वाइंडिंग तापून जळते.

काय करावे?

• मोटार घुमली की लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

• साध्या (डीओएल) स्टार्टरचा रिले मोटारीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा. सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवू नका, कारण शोधा.

• सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. फेज गेला की तो मोटार बंद करतो. बिघडला तर डायरेक्ट जोडू नका.

• ऑटो स्विच असेल तर प्रिव्हेंटर हवाच. रात्री लाईट आली की शेतात कोणी नसताना मोटार सुरू होते.

• फ्यूज टाकायला स्वतः डीपीला हात लावू नका. वर 11 हजार व्होल्टची लाईन असते. वायरमनला सांगा किंवा 1912 वर तक्रार नोंदवा.