गाडी महाग झाली, की स्वस्ताईचा काळ संपला? #इतिहास #थ्रेड

१४ डिसेंबर १९८३. इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. गाडीची किंमत ४७,५०० रुपये. हा आकडा आज कुठे वाचनात आला, की 'काय ते दिवस!' असा उद्गार हमखास निघतो.

उद्गार काढण्यापूर्वी दुसरा एक आकडा पाहावा. त्या वर्षी भारतीयाचे दरडोई वार्षिक उत्पन्न अडीच हजार रुपयांच्या आत होते. म्हणजे 'सामान्यांची' म्हणून गाजलेली ही गाडी सरासरी भारतीयाच्या जवळपास वीस वर्षांच्या उत्पन्नाएवढी महाग होती. आज दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या घरात आहे आणि सर्वांत स्वस्त गाडी चार लाखांच्या आत-बाहेर मिळते.

मग नव्या गाड्या परवडत नाहीत ही तक्रार खोटी म्हणायची का? खोटी नाही. मात्र ती समजून घ्यायला कुर्ल्यापर्यंत मागे जावे लागते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे फियाटशी करार झाला. बंगालमध्ये बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स उभी राहत होती. त्याच वेळी मुंबईत जनरल मोटर्सचाही कारखाना होता, तोही १९२८ पासूनचा. परदेशातून सुटे भाग आणायचे आणि इथे जोडायचे, असा त्यांचा व्यवहार.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने धोरण ठरवले: गाडी इथेच घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. नवस्वतंत्र देशाकडे परकीय चलन तुटपुंजे होते. ते मूठभरांच्या मोटारींवर उधळू नये, हा विचार त्या काळात चुकीचा म्हणता येत नाही. परिणाम मात्र दूरगामी झाला. बाजारात अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढेच पर्याय उरले, आणि किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरू लागले.

या काळातल्या किमती कागदावर बेताच्या दिसतात, कारण त्यांवर सरकारची नजर होती. १९६९ मध्ये तर त्या कायद्याने बांधण्यात आल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, वाद लांबला आणि १९७५ मध्ये नियंत्रण उठले. पण खरी किंमत कागदावर नव्हतीच. फियाटसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. थांबायचे नसेल, तर आधी नंबर लागलेल्या माणसाला वरचे पैसे मोजावे लागत. हा धंदा इतका बोकाळला होता, की नवी गाडी घेतल्यावर दोन वर्षे विकता येणार नाही असे बंधन सरकारला १९५९ मध्येच घालावे लागले होते.

आणि एवढे करून हाती काय येई? १९६२ सालच्या रचनेची फियाट ११०० नाव बदलून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ तशीच विकली गेली. (नाव बदलले तरी मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले, हा भाग वेगळा.) दोष एकट्या परवाना राजला दिला जातो. ग्राहक पैसे भरून रांगेत उभा असताना गाडी सुधारण्याची निकड कारखानदारांनाही वाटली नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

स्वस्त गाडीची कल्पना तेव्हाही होती. ल. कां. झा समितीने १९६० मध्ये तशी शिफारस केली होती. ती रस्त्यावर यायला मारुती-सुझुकी कराराची वाट पाहावी लागली. १९८३ मध्ये दहा हजार रुपये अनामत ठेवून सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. रांग संपली नाही, फक्त दुसऱ्या दारापुढे लागली. ती खऱ्या अर्थाने मोडली १९९३ मध्ये: मोटार उद्योगाची परवाना सक्ती गेली आणि त्याच वर्षी अबकारी कर ५५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर १६ टक्क्यांपर्यंत उतरला. २००९ मध्ये टाटा नॅनो एक लाख रुपये या मूळ किमतीच्या घोषणेसह बाजारात आली.

'काय ते दिवस' म्हणताना लोकांच्या मनात असतो तो हा काळ. जेमतेम पंचवीस वर्षांचा.

ही स्वस्ताई कुठून आली, याचा एक हिशेब २०१४ च्या जानेवारीत समोर आला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक चाचण्या केल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या या सगळ्या गाड्यांना शून्य तारे मिळाले. गाडीच्या किमतीतून वाचलेले पैसे प्रवाशाच्या जिवावर वाचवलेले होते. शहरांची हवाही त्याच हिशेबात धरावी लागेल.

त्यानंतर नियम झपाट्याने आले. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीसोबत तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम भरणे बंधनकारक झाले. २०१९ मध्ये एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या प्रवाशाचीही. १ एप्रिल २०२० रोजी देशाने बीएस-५ ही पायरी गाळून थेट बीएस-६ गाठले. हा खर्च सर्व गाड्यांवर सारखा पडला नाही. वीस लाखांच्या गाडीत तो दिसतही नाही. तीन लाखांच्या गाडीत मात्र तिचे अस्तित्वच धोक्यात येते. पाठोपाठ महासाथ आली आणि सेमीकंडक्टर चिपांची टंचाई. हाती आलेल्या मोजक्या चिपा कंपन्यांनी जास्त नफ्याच्या मोठ्या गाड्यांत घातल्या, आणि ग्राहकाने त्या घेतल्याही. एसयूव्हीसारख्या गाड्यांचा वाटा आज निम्म्याच्या पुढे आहे. नॅनो बंद झाली आणि त्या किमतीला पुन्हा कोणी हात घातला नाही.

राहिला कर. २०१७ नंतर जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला नोंदणीच्या वेळी ११ टक्के एकरकमी वाहन कर. शोरूममधली किंमत आणि गाडी रस्त्यावर आणायची किंमत यांतली तफावत इथली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांचा ४० टक्के, आणि उपकर गेला. लहान कोणती आणि मोठी कोणती हे ठरवताना लांबीची रेषा तीच राहिली, जी २००६ मध्ये आखली गेली होती: चार मीटर.