निळ्या वंदेची सात ओझी

झाडावर वाढणाऱ्या झाडाला संस्कृतात 'वंदा' म्हणतात. सर विल्यम जोन्स याने तो शब्द उचलला आणि ऑर्किडांच्या, म्हणजे आपल्या आमरींच्या, एका सबंध प्रजातीला ते नाव मिळाले. नाव मात्र थोडे अन्यायाचे आहे. बांडगुळासारखी ही यजमानाचा रस शोषीत नाही, त्याच्या सालीवर नुसती बसते.

यांतील निळी वंदा विल्यम ग्रिफिथला १८३७ साली खासी टेकड्यांत आढळली. तो १८४५ मध्ये मलाक्का येथे वारला. लिंडलेने तिचे वर्णन प्रसिद्ध केले ते १८४७ साली. पुढे १८५० मध्ये जोसेफ हूकर त्या मुलखात आला. लेरनाई गावाजवळच्या ओकच्या राईत वाऱ्यावर डोलणारे आकाशी तुरे पाहून त्याने क्यू येथील उद्यानासाठी सात माणसांची ओझी भरली. तुरे होते ३६०! इंग्लंडला जिवंत पोहोचली ती फार थोडी रोपे. एका सद्गृहस्थाने जागा पाहून घेण्यास आपला माळी बरोबर धाडला होता. त्याचे एकच ओझे, तेही दैन्यावस्थेत पोहोचलेले, ३०० पौंडांना विकले गेले. मग काय विचारता!

हूकर लोभी असेल, पण डोळस होता. विलायतेतले माळी या रोपाला जसे वाढवितात ते त्याच्या स्वभावाशी सर्वस्वी विसंगत आहे, हे त्याने बजावले. तीन-चार हजार फुटांवरच्या विरळ पानांच्या, वेड्यावाकड्या झाडांवर, शेवाळ नसलेल्या कोरड्या सालीवर ते ऊन, पाऊस, वारा सोशीत वाढते. आणखीही एक गोष्ट त्याने टिपली: एकेका तुऱ्यावर सहापासून एकवीस फुले.

मला हा आकडा ३०० पौंडांहून मोलाचा वाटतो. एकाच जातीत एवढा फरक! रंगातही तसेच : फिकट आकाशीपासून गडद निळ्यापर्यंत, क्वचित गुलाबी वा पांढरा. फुलांची संख्या रोपाच्या वयावर आणि पोषणावरही अवलंबून असते. पण एका छपराखाली, एका निगराणीत वाढवूनही जो भेद उरतो, तो बीजातला समजावा. रंगाचा भेद बराचसा असा आहे. म्हणून तर फिलिपिन्सच्या वंदेशी संकर करून १९३१ साली नोंदलेली 'रॉथ्सचाइल्डियाना' निळी उमलली.

परंतु वेचणाऱ्याचा हात आंधळा नसतो. तो गडद निळे रोप आधी उचलतो. ऑर्किडचे बी धुळीसारखे, शिदोरीवाचून निघालेले. बुरशीची साथ मिळाल्यावाचून ते रुजत नाही, हे नोएल बर्नारने १८९९ साली दाखविले. तेव्हा ज्या राईतून गडद रोपे गेली, तिथली पुढली पिढी उरलेल्या फिकटांच्याच बीजावर यावयाची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली वनस्पतींना संरक्षण मिळाले, त्यांत निळी वंदा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील तिचे कडक बंधन सैल करण्याचे २००४ साली ठरले. प्रयोगशाळेत रोपे मुबलक होऊ लागली होती. ती मुबलक रोपे निवडक गडद मातापित्यांची. लेरनाईच्या राईतल्या सहा फुलांच्या फिकट तुऱ्याला त्यांत जागा नाही.