पेटी उघडण्याची विद्या

मधमाशांच्या नव्या पेट्या घरीं आल्या, म्हणजे नवशिक्या मधुपालकास चैन पडत नाहीं. गतवर्षीं आमच्या परसांत सातेरी माशांच्या दोन पेट्या आल्या, तेव्हां आमचीही तीच अवस्था झाली. आठव्या दिवशीं पहिल्या पेटींतील एक चौकट उचलून आम्ही उजेडाकडे धरली. राणी दिसली नाहीं. परंतु पोळ्याच्या घरांत बारीक अंडीं उभीं होतीं. अंडें तीन दिवसांत फुटतें. अर्थात् राणी तीन दिवसांच्या आंत तेथें होती, एवढें कळून आम्ही झांकण लावलें. कामास पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. ही सोय मनुष्यास किती उशिरां लाभली, हें मात्र आम्हांस मागाहून कळलें.

युरोपांत शतकानुशतकें माशा गवताच्या टोपल्यांत वा पोकळ ओंडक्यांत पाळीत. पोळीं आंतल्या बाजूस चिकटलेलीं असत; तीं कापल्यावांचून आंत पाहतां येत नसे. मधासाठीं पुष्कळदां गंधकाच्या धुरानें सारा संसारच मारून टाकीत.

ह्या कोंडींतून वाट काढली ती एका अंध पुरुषानें! जिनीव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर (जन्म १७५०) ह्याची दृष्टि तरुणपणींच गेली. त्यानें पुस्तकाच्या पानांप्रमाणें उलगडणारी पेटी केली, आणि ब्यूर्नां नांवाच्या आपल्या नोकराच्या डोळ्यांनीं तो पाहूं लागला. प्रश्न धन्याचे, नजर नोकराची. एकदां दोन पेट्यांतील एकूणएक माशी हातांत घेऊन तपासण्यांत ब्यूर्नांनें अकरा दिवस घालविले. १७९२ सालीं ह्यूबरचा ग्रंथ निघाला.

तथापि ती पेटी अभ्यासकाची होती, शेतकऱ्याची नव्हे. पुढील पाऊल लोरेंझो लँगस्ट्रॉथ ह्या अमेरिकन पाद्र्यानें टाकलें. ह्यूबरचें काम त्यास ठाऊक होतें. पाव इंचाहून थोडी अधिक फट माशा येण्याजाण्यासाठीं मोकळी ठेवितात. त्याहून लहान फट राळेसारख्या चिकट पदार्थानें बुजवितात, मोठींत पोळें बांधितात. चौकटींच्या सभोंवार तेवढीच फट राखली तर प्रत्येक चौकट सुटी निघेल, हें त्यास १८५१ मध्यें सुचलें. पुढच्याच वर्षीं त्यानें पेटंट घेतलें. परंतु त्याच्या पेटीची नक्कल सर्वत्र झाली, आणि द्रव्यलाभ त्यास फारसा झाला नाहीं. आज जगांतील बहुतेक पेट्या त्याच फटीवर उभ्या आहेत. महाबळेश्वराजवळचें मांघर २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, तेथील सातेरी युरोपीय माशीहून लहान, म्हणून तिच्या पेटीचीं मापें लहान, तत्त्व तेंच.

असो. आमच्या दुसऱ्या पेटीची हकीकत सांगावयाची राहिली. तींत अंडीं दिसेनात, म्हणून आम्ही ती रोज उघडूं लागलों. सातेरी माशी फार छेडली तर घर सोडते, हें जाणत्यांनीं बजाविलें होतें. एके सकाळीं पाहतों तों पेटी रिकामी! पोळें तसेंच होतें, माशी एकही नव्हती. उघडण्याची सोय लँगस्ट्रॉथनें करून दिली. न उघडण्याचा संयम मात्र ज्याचा त्यानेंच शिकावा लागतो.