लंबकापासून तेलाच्या टाकीपर्यंत

विहिरीला तेल लागले, असे आपण म्हणतो. वर येतो तो मात्र तेल, पाणी आणि वायू यांचा खळखळता काला. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७६ साली ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले, तेव्हाही हा काला निवडावा लागलाच. हे काम करते दाब सोसणारी एक बंद पोलादी टाकी, म्हणजे सेपरेटर. तिच्यात वायू वर जातो, पाणी तळाला बसते, तेल मधे राहते. प्रश्न एवढाच, की टाकी केवढी हवी?

अर्धे उत्तर तेलाच्या धंद्याआधीचे आहे. पेनसिल्व्हेनियात ड्रेकची विहीर लागली १८५९ साली. त्याआधी, १८५१ मध्ये, केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांचा निबंध छापला गेला. विषय काय, तर झुलता लंबक हवेमुळे किती मंदावतो! त्यातूनच बारीक कण द्रवातून किती वेगाने खाली बसतो, याचा नियम निघाला. थेंबाचा व्यास निम्मा झाला, की वेग पावपट होतो. म्हणून बारीक थेंबांना उसंत द्यावी लागते.

उसंत म्हणजेच टाकीचा आकार. समजा, रोज १०,००० बॅरल तेल-पाणी येते. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर; म्हणजे मिनिटाला ११०० लिटर. त्याला पाच मिनिटे थांबवायचे, तर साडेपाच हजार लिटर जागा हवी. वरची अर्धी टाकी वायूसाठी सोडली, की झाली अकरा हजारांची. वायूचा वेगही आवरावा लागतो, नाहीतर तो तेलाचे थेंब उचलून नेतो आणि पुढचे कॉम्प्रेसर बिघडवतो. या वेगाची मर्यादा काढायचे सूत्र साउडर्स आणि ब्राउन यांनी १९३४ साली दिले, तेही ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांसाठी!

मग टाकी मोठीच का करू नये? जमिनीवर खुशाल करावी. भर समुद्रातल्या फलाटावर मात्र प्रत्येक टनाचा भार खालच्या खांबांवर येतो.

शिवाय तेलक्षेत्र म्हातारे होते. सुरुवातीला पाणी नावाला असते. वर्षे जातात तसे ते वाढते, कित्येकदा तेलाहून जास्त होते. टाकी तीच, उसंत कमी. पाण्याबरोबर तेल जाऊ लागते, तेलाबरोबर पाणी. म्हणून जाणता अभियंता आराखड्याआधीच विचारतो, विसाव्या वर्षी पाणी किती येईल? पैसे मंजूर करणारे साहेब बहुधा पहिल्या वर्षाचे आकडे पुढे करतात.