गाडग्यातली चरबी

चरबीला इतिहासात जागा मिळाली आहे. १८५७ च्या काडतुसांची चरबी पाठ्यपुस्तकात आहे. १९८३ साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले. दोन्ही वेळा प्रश्न धर्म बाटण्याचा होता, म्हणून नोंद झाली. गावकुसाबाहेरच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या कढलेल्या चरबीची नोंद मात्र कोणी केली नाही.

हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. १९४८ पर्यंत निजामी राज्यातले. करडई आणि तीळ जमीनवाल्यांच्या शेतात. तेल विकत घ्यायला रोकड हवी, आणि महारकीत रोकड नव्हती. मेलेले जनावर ओढणे ही सक्ती. त्याचे मांस हाच तिचा मोबदला. मांसाच्या चान्या करून वाळवत. चरबीचे तेल होई.

आजीने सांगितलेली रीत अशी : चरबीचे बारीक तुकडे करायचे, थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. पाण्यामुळे ती सुरुवातीला करपत नाही. पाणी आटले, तुकडे लालसर झाले की फडक्यातून गाळायचे. मग मिठाच्या पाण्यात पुन्हा उकळून थंड होऊ द्यायचे. वर पांढरी वडी धरते, गाळ खाली राहतो. तो खरवडून वडी पुन्हा कढवायची. कारण पाण्याचा अंश राहिला तर ती खवट होते. गाडग्यात ती महिनोन्‌महिने टिके.

हे ज्ञान होते. ते लाचारीत जन्मले म्हणून त्याचे ज्ञानपण कमी होत नाही. आणि ते ज्ञान होते म्हणून त्या लाचारीचा गौरवही करता येत नाही.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. आमच्या घरातले गाडगे फुटले ते १९५६ च्या धर्मांतरानंतर. आजी म्हणायची, 'त्यानंतर लई दिवस कालवणाला फोडणी नव्हती.' या एका वाक्यात चळवळीचा जो इतिहास आहे तो आपल्या भाषणांत येत नाही. त्याग सभेत जाहीर झाला. त्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या बाईने रोज मोजली. पोरांच्या ताटात कोरडी भाकरी वाढून तिने स्वाभिमान निवडला.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न ग्रंथात आणले. ते काम गावोगाव पुढे न्यायला हवे. त्या गाडग्याच्या आठवणी असलेल्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापाशी जाऊन बसावे, आणि ऐकताना मान खाली घालू नये.