तुळई आणि कमान

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातील यवतजवळ दक्षिणेकडे एक फाटा फुटतो. घाट चढून पुरंदरच्या हद्दीत गेले, की माळशिरसजवळ भुलेश्वराचे देऊळ लागते. लांबून घुमट आणि मिनारासारखे बांधकाम दिसते. हे देऊळ की मशीद, असा प्रश्न पडावा! आत अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या चढल्या, की एकदम नंदी समोर येतो.

मूळ देऊळ काळ्या दगडाचे, यादवकाळातले. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांचा मंत्री होता. ही बांधणी मात्र त्याच्याही आधीची. खांबावर तुळई, तुळईवर छत, असे तिचे तंत्र. दगड दाब उत्तम सोसतो, पण मध्ये आधार नसला तर तडकतो. म्हणून तुळया आखूड, खांब जवळजवळ आणि मंडपात काळोख.

वरचे घुमट नंतरचे, विटा-चुन्याचे. कमानीत आणि घुमटात प्रत्येक तुकडा शेजारच्यावर रेलतो, भार बाजूंना उतरतो आणि खांबांवाचून जागा मोकळी होते. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे एकाच डोंगरावर काही शतकांचा हिशेब मांडलेला आहे.

इंग्लंडच्या खेड्यातले जुने चर्चही असेच वाचतात. अर्धगोल कमान बहुधा अकराव्या-बाराव्या शतकातली, नॉर्मन काळाची. टोकदार कमान त्यानंतरची. एकाच इमारतीत दोन्ही सापडतात आणि त्यावरून गावाच्या पिढ्या ओळखता येतात.

भुलेश्वराच्या भिंतींवरील कित्येक मूर्ती भंगलेल्या आहेत. तरी रामायण-महाभारतातले प्रसंग आणि स्त्रीरूपातील गणेश पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. ही मोडतोड जुनी. आजचा धोका वेगळा आहे. गावोगावी जीर्णोद्धाराची वर्गणी भक्तिभावानेच जमते आणि जुन्या दगडावर ऑइलपेंट, फरशी, सिमेंट चढते. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्याबरोबर तुळई कुठली आणि कमान कुठली, हेही झाकले जाते.

शिरूर-दौंडकडच्या मंडळींनी आपल्या गावच्या जुन्या देवळात हात जोडून झाल्यावर एकदा छताकडे पाहावे. वर्गणीची पावती फाडण्याआधी जाणकाराला बोलवावे. देव नव्या रंगावाचून अडत नाही. गावाचा इतिहास मात्र त्या रंगाखाली कायमचा जाऊ शकतो.