१८८० ची पक्षीयादी आणि रिकामा रकाना

जुनी यादी हाती लागली की आपण लगेच तुलना करायला बसतो. तेव्हा काय होतं, आता काय उरलं? मीही बसलो होतो.

माझी यादी रत्नागिरीची. जी. डब्ल्यू. विडाल हे इथले सनदी अधिकारी. त्यांची दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. संपादक ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत दिसतात तेच.

पण त्या काळी पक्षी ‘ओळखला’ म्हणजे नेमकं काय केलं? बहुतेक वेळा गोळी घातली. कातडं सोलून भरायचं, चोच-पंख मोजायचे, शंका आली तर नमुना तज्ज्ञाकडे धाडायचा. नुसत्या आवाजाला पुरावा म्हणून फारसं वजन नव्हतं.

इकडे गावात उलटं. पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा, पानांत बसला की सापडत नाही. पण ‘पेर्ते व्हा’ ऐकलं की आमच्या आजीला वर बघायचीही गरज नसे. भेकराचंही तसंच. रानात ते भुंकलं की लोक आधी बिबट्याचा विचार करतात, भेकर दिसो न दिसो.

दुसरी भानगड ऋतूची. साहेबांचे दौरे कोरड्या दिवसांतले, पावसाळ्यात मुक्काम मुख्यालयी. आणि नवरंग कोकणात शीळ घालतो तो पावसाच्या तोंडावर, पहाटे नि तिन्हीसांजेला. तेव्हा अशा यादीत एखादा पक्षी कमी भेटला, तर तो कमी होता की त्याच्या वेळी रानात कोणी नव्हतं? पेट देऊन नुकतेच विषय शोधत असाल तर हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

म्हणून यादी फेकून द्यायची का? अजिबात नाही. समुद्रगरुडाचं घरटं केवढं मोठं, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर, वर्षानुवर्षं तिथंच. ते चुकणं कठीण. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं याच किनाऱ्यावर या घरट्यांची पाहणी केली आहे. इथं जुनं-नवं शेजारी मांडता येतं.

माझा पहिला तक्ता मी रद्द केला. नव्यात ‘नोंद नाही’ आणि ‘ऐकायला कोणी नव्हतं’ असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा लांबतच चाललाय.